तिसरी तार

आमच्या पार्टीच्या बँजोची तिसरी तार
अर्धा सूर उतरलेली असते.
विसरून नव्हे. तशीच ठेवायची, असं आजा सांगून गेला,
आणि आज्याला सांगितलं होतं
माथारपाखाडीच्या इनास मिस्किटानं.

इनास. माझगावच्या सुक्या गोदीतला फिटर.
फोटो नाही. थडगंही नाही,
शिवडीला जागा मुदतीची, मुदत संपली की हाडं हलवतात.
गोदीच्या वहीत असेल कुठे तरी त्याचा अंगठा,
दंडाच्या चार आण्यांसमोर.

साल नक्की नाही. आजा म्हणायचा, मी हाफचड्डीत होतो.
एक अमेरिकन बोट पंख्याला तडा जाऊन आली,
अकरा दिवस गोदीत उभी राहिली.
तिच्या बॉयलरला कोळसा घालणारा एक काळा माणूस
दुपारच्या भोंग्यानंतर सावलीत बसून
मांडीवर आडव्या गिटारवर
सुरीची पाठ घासायचा.
इनासचं इंग्रजी गोदीपुरतं:
नट, बोल्ट, हरी अप, नो सर.
त्या माणसाला तर मराठी कुठून येणार.
तरी एकानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं.
कसं, ते विचारू नका.
कोळ्याच्या पोराला पोहायला कोण शिकवतं?

याला म्हणतात काय, इनासनं हातानं विचारलं.
उत्तर आलं ते त्याला ऐकू आलं "बुलूस".
मरेपर्यंत तो बुलूसच म्हणाला.

बोट गेली.
इनासनं कंडेन्सरची पितळी नळी बोटभर कापली,
कानशीनं कडा मारल्या, करंगळीत घातली.
एका लग्नात उंबराच्या पाण्याला त्याला बोलावलं,
तर नवरीच्या आईनं मध्येच थांबवलं:
"आमचेकडं अजून कोनी मेला नाय, इनास."

एकदा रेकॉर्डवाले घेऊन गेले.
एक तबकडी, दोन बाजू, तीस रुपये.
लेबलावर छापलं: मिस्टर एनॉक, हवाईयन गिटार.
हवाई कुठं असतं,
ते त्यानं रविवारी फादरला विचारलं.

मग चव्वेचाळीसचा एप्रिल.
व्हिक्टोरिया गोदीत बोट फुटली.
लोक सांगतात, सोन्याच्या विटा उडाल्या,
कुणाच्या गॅलरीत पडल्या.
इनासच्या वाट्याला काच आली.
डाव्या हाताची दोन बोटं गेली, आणि तो कान.
नळी शाबूत होती.
नळीला बोट उरलं नाही.

ती त्यानं आज्याला दिली,
गोदीच्या भिंतीवर बसून ऐकणाऱ्या
शिवडी कोळीवाड्याच्या पोशाला.
पोशाकडे गिटार नव्हती. बटणांचा बँजो होता, जुना.
इनास उजवा कान पुढे करून बसायचा:
"उतरव. आजून उतरव.
तार रडकुंडीला आली पायजे,
रडाला नको."

नळीचं पुढे काय झालं?
एका हंगामात जाळ्याला शिसं कमी पडलं,
आज्यानं ती दोरीत ओवली.
आजी चिडली, तो म्हणाला, वजन तर आहे ना.
जाळं फाटलं ते खडकावर, कासाच्या पलीकडे.

तबकडी ग्रँट रोडला एका म्हाताऱ्याकडे आहे.
विकत नाही. सुई झिजते म्हणून पन्नास रुपये घेतले,
एकच बाजू ऐकवली.
खरखर. पाय आपटल्याचा आवाज.
मग तार अशी वर जाते की
वाटतं आता पोचेल,
आणि पोचत नाही, अलीकडेच राहते,
जेट्टीला न लागलेल्या होडीसारखी.
शेवटी इनास कुणाला तरी म्हणतो,
"जरा थांब रं,"
आणि तबकडी संपते.

परवा ट्रॉम्बेला हळद होती.
कीबोर्डवाल्या नव्या पोरानं मोबाइल धरला तारांपुढे.
"दादा, तिसरी उतरलीय."
"असू दे."
"बेसूर वाटंल."
"वाटू दे."

वाजवलं.
एक मावशी नाचता नाचता थांबली,
तोंडातलं पान गालात सरकवलं,
मान जराशी कलती केली.
मग ताशा सुरू झाला.